जुन्या कार्डावरचा शंकरपट

मनुष्यजातीने आपली करमणूक भाकितावर सोपवली, त्याला आता सहा-सात वर्षे झाली. कुणाला त्याचे वैषम्य वाटल्याचे ऐकिवात नाही. वैषम्य वाटण्यासाठी आधी फरक कळावा लागतो, आणि तो कळू न देणे हीच या उद्योगाची सगळी विद्या.

नागपुरात सुगत नगराळेच्या घरी, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, हिवाळ्यातल्या रजयांच्या घडीत एक ग्राफिक्स कार्ड निजवलेले होते. वजनाला सोललेल्या नारळाएवढे, अंगावर तीन पंखे, त्यांतल्या एकाचे पाते उडालेले. सुगत कॉलेजात असताना घेतलेले हे कार्ड संगणकाच्या पेटीत बसवले की स्वतःच्या भाराने वाकायचे; म्हणून त्याला खालून पोळपाटाच्या तुटक्या पायाचा टेकू दिलेला असे. त्याचे काम एकच आणि मोठे प्रामाणिक होते. पडद्यावर वीस लाख ठिपके असतात. त्या प्रत्येकाचा रंग कोणता, हे खेळात त्या क्षणी जे खरोखर घडले असेल त्याचे गणित करून ठरवायचे, आणि हे सेकंदाला साठ वेळा करायचे. म्हणून ते तापत असे. प्रामाणिक गणिताला उष्णता लागते.

पुढे आलेल्या कार्डांनी निम्मे ठिपके मोजले आणि निम्मे अंदाजाने भरले. मग दोन चित्रांच्या मधले चित्र अंदाजाने काढले. मग जे अजून घडलेच नव्हते ते पुढचे चित्रही अंदाजाने काढले. अंदाज उत्तम होते. वाईट असते तर जग वाचले असते. अखेर घरात कार्ड हवेच कशाला, असा सोयीचा प्रश्न विचारला गेला, आणि घरोघरी नुसते पडदे उरले. चित्रे कुठल्या तरी दूरच्या थंड गोदामातून येऊ लागली. या सेवेचे नाव ‘सान्निध्य’. घोषवाक्य, ‘तुमची माणसे कधीच दूर नसतात.’

सुगतने कार्ड निजवले ते मात्र तत्त्वाच्या पराभवामुळे नव्हे, कूलरमुळे. नागपूरकर माणूस उन्हाळ्यात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कूलरने देतो. गेल्या मे महिन्यात कार्ड तापून बंद पडू लागले, तेव्हा त्याने पेटीचे झाकण काढले आणि ती सरळ वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर मांडली. पंधरवडाभर कार्ड गारेगार राहिले. मग बोअरच्या पाण्यातला क्षार पंख्यांच्या आसांवर पांढराशुभ्र साचला आणि पंखे फिरेनात. सुगत हवामानखात्यात भाकिते करतो. आर्द्रता या विषयावर पगार घेणाऱ्या माणसाने ओली हवा विजेच्या यंत्रावर सोडावी, यावर त्याची बायको करुणा पाहुण्यांसमोर अजूनही बोलते. ती जिल्हा न्यायालयात वकिली करते. जुनी प्रकरणे उकरण्याचा तिला सराव आहे.

एवढ्या खटाटोपामागे रविवारची दुपार होती. सुगतची मोठी बहीण विशाखा नॉर्वेत बर्गन गावी माशांची डॉक्टर आहे. पशुवैद्यकीय कॉलेजात असताना तिने मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ आतून उसवून त्यात मोटारींच्या जागी बैलजोड्या बसवल्या होत्या. भंडाऱ्याकडे आजोळी दोघांनी पाहिलेला शंकरपट, म्हणजे छकड्याला जुंपलेल्या बैलांची शर्यत, तिने अशी घरात आणली. बैलांची चाल खुरापासून वशिंडापर्यंत बिनचूक होती. आवाजाची फाइल मात्र तिला कधी सापडली नाही; त्यामुळे हे बैल आजतागायत इंजिनासारखे घरघरत धावतात. दर रविवारी दुपारी दोनला बहीणभाऊ पट लावत आणि खेळता खेळता एकमेकांची यथेच्छ निंदा करत. एरवी फोन नाही, पत्र नाही. फोन दुसऱ्याने करायचा असतो, असे दोघांचेही मत होते. नात्याचा सगळा संसार त्या दुपारीच होता. कार्ड निजल्यापासून हा पट ‘सान्निध्य’वर लागत असे.

यंदाच्या मे महिन्यातल्या एका रविवारी पट ऐन रंगात असताना गच्चीवरून करुणाची हाक आली.

“सुगत! वावटळ आली न! कुरडया उडून राहिल्या!”

त्याने हातातले बटणयंत्र गादीवर टाकले आणि धावला. शेजारच्या हिवरकरांच्या पाण्याच्या टाकीवरून, तुळशीतून, अँटेनावरून कुरडया गोळा करून, सुपात भरून तो खाली आला, तेव्हा पडद्यावर त्याची जोडी जिंकलेली होती. कुणाच्याही हातावाचून. पडद्यातून विशाखाचा आवाज म्हणाला, “अभिनंदन, पिंट्या. फारच सुंदर खेळलास.”

सुगतच्या हातातले सूप पडले.

“ताई, तू बिमार आहेस काय?”

“नाही रे. तुझ्याबरोबर खेळताना नेहमीच आनंद होतो.”

करुणा दारात उभी होती. तिने विखुरलेल्या कुरडयांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले.

“ही विशाखाताई नाही,” ती म्हणाली. “आपल्या लग्नात स्टेजवर येऊन तिनं मला काय म्हटलं होतं आठवते? ‘ठेवून घे, पण बदलून मिळणार नाही.’ ही बाई आनंद होते म्हणते?”

उद्याचे तापमान आज सांगणे हा सुगतचा व्यवसाय. पण परवा तापमापकाजवळ जाऊन आपण किती चुकलो ते पाहणे हा त्या व्यवसायाचा धर्म. गेले कित्येक महिने बहिणीच्या बाबतीत आपण तापमापकाजवळ गेलोच नाही, स्वतःच्याच शिव्यांच्या नादात ती काय म्हणते ते नीट ऐकलेही नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कपाट उघडून रजया उपसल्या.

कार्डाची साफसफाई आठवडाभर चालली. जुन्या दातब्रशाने आणि स्पिरिटने क्षार खरवडला, आसांना शिलाई मशीनचे तेल दिले, चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप बदलला. पंखे आधी कुरकुरले आणि मग फिरले. दोन फिरले, तिसऱ्याने नकार दिला.

खेळाच्या सर्व्हरला जुन्या यंत्रांसाठी एक जुना दरवाजा कायद्याने अजून ठेवावा लागत होता. त्या दरवाज्याने अंदाज येत नसत. समोरच्या माणसाने खरोखर दाबलेली बटणे तेवढी येत. उरलेले सगळे गणित तुमच्या कार्डाने करायचे. रविवारी दोनला सुगत त्या दरवाज्याने आत गेला. रेषेवर दोन जोड्या उभ्या होत्या, एक त्याची, एक ताईची. इशारा झाला. त्याचे बैल घरघरत निघाले. ताईचे निघाले नाहीत.

तो मागे वळला. तिच्या छकड्याशेजारी आपला छकडा आणून थांबला. ताईच्या बैलांच्या बरगड्या श्वासाने वरखाली होत होत्या, कारण तिने त्या तशा केल्या होत्या. शेपट्या हलत होत्या. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या जागी कुणी नव्हते.

शेजारी करुणाने आपल्या फोनवर तोच पट ‘सान्निध्य’मधून लावला होता. तिथे ताईची जोडी धूळ उडवत चालली होती. तिच्या बरोबरीने सुगतची जोडीही चालली होती. सुगत मात्र हाताची घडी घालून बसला होता.

“मजेत आहेत दोघं,” करुणा म्हणाली. “आपली गरजच नाही.”

मंगळवारी ‘सान्निध्य’चे प्रतिनिधी टेंभुर्णे आले. जुनी कार्डे घरोघरी जाऊन परत घेण्याची मोहीम होती. जुन्या दरवाज्याने कुणी शिरले की त्यांना सूचना जात असावी. गृहस्थ सुस्वभावी होते. त्यांनी पन्ह्याचे दोन पेले घेतले आणि कार्डाच्या बदल्यात भिंतभर पडदा देऊ केला. करुणाने खुर्ची पुढे ओढली.

“टेंभुर्णे, मला समजावून सांगा. इथे बटण दाबलं की गोदामात कळायला वेळ लागते?”

“लागते न मॅडम. वीज किती धावणार! म्हणून आमची प्रणाली तुम्ही दाबायच्या आधीच ओळखते, काय दाबणार ते. शंभरातले सत्त्याण्णव वेळा बरोबर.”

“आणि तीन वेळा?”

“पहिले काय होत होतं, चूक कळली की चित्र मागं ओढून दुरुस्त करावं लागे. त्याचे झटके बसत. लोकांच्या लई तक्रारी आल्या झटक्यांच्या.”

“मग?”

“मग झटके बंद केले.”

“म्हणजे चुका बंद केल्या?”

टेंभुर्ण्यांनी पेल्याच्या तळाशी पाहिले. “झटके बंद केले, मॅडम. दुरुस्ती नाही तर झटका नाही.”

इतिहासात अनेक संस्थांनी सत्याशी तडजोड केली आहे. पण तिला ग्राहकांच्या समाधानाचे नाव देऊन तिच्यावर सणाची सूट ठेवण्याचा मान याच शतकाचा. एकदा चूक दुरुस्त करायची नाही असे ठरले, की माणसाने चुकीचे बटण दाबले काय आणि बटणच दाबले नाही काय, प्रणालीला सारखेच. त्यामुळे माणूस उठून गेला तरी खेळ थांबत नसे. टेंभुर्ण्यांच्या भाषेत याला ‘उपस्थिती राखणे’ म्हणत.

“माझ्या बहिणीची उपस्थिती तुम्ही कधीपासून राखून राहिले?” सुगतने विचारले.

“ते व्यक्तिगत आहे सर.”

“मी तिचा भाऊ आहे.”

“आणि मी वकील,” करुणा म्हणाली.

टेंभुर्ण्यांनी हातातल्या पाटीवर बोट फिरवले. “डिसेंबरपासून. पण सर, तुमची त्याच्याही आधीपासून राखून राहिलो.”

“माझी? मी दर रविवारी इथं बसलेला असतो!”

“बसता न सर. पण तुमचं बोलणं आमच्या सभ्यता-गाळणीत अडकते. मग प्रणाली त्याच आवाजात जरा बरं बोलून घेते. हे पाहा, नोव्हेंबरचा शेवटला रविवार. तुम्ही म्हटलं…” त्यांनी पाटी जरा दूर धरली. “मॅडमसमोर वाचू?”

“वाचा.”

“‘तुझे बैल आहेत का दम्याच्या वॉर्डातून उठवून आणलेले म्हातारे? एक तरी खोकून दाखव.’ त्याचं प्रणालीनं केलं, ‘ताई, तुझी जोडी सुरेख आहे.’”

सुगतचा चेहरा इतका पांढरा पडला की टेंभुर्ण्यांनी आपणहून बॅग आवरली. दारात त्यांनी कार्डाची आठवण केली.

“तो पुरावा आहे,” करुणा म्हणाली. “पुरावा मी हातचा सोडत नसते. पुन्हा या, पन्हं देईन.”

ते गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली. “लाव फोन.”

“फोन तिनं करायला पाहिजे. सोडून ती गेली.”

“सुगत. लाव.”

त्याने लावला. बर्गनमध्ये दुपार होती. मागून समुद्रपक्ष्यांचा आवाज येत होता.

“आली का आठवण?” विशाखा म्हणाली. “का हेही यंत्रच बोलून राहिलं?”

“ताई, तू पाच महिने खेळत नाहीस.”

“आणि तुला आज कळलं! वा! हवामानखातं! वादळ येऊन गेल्यावर सांगतात, छत्री घ्या.”

“काऊन सोडलंस पण?”

“तू सोडलंस म्हणून. नोव्हेंबरात तू मला म्हटलं, तुझी जोडी सुरेख आहे. पिंट्या, तू जन्मात कधी म्हटलं असं? मी त्याच क्षणी ओळखलं, हा माणूस गेला उठून. ‘वेळ नाही’ म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून यंत्र बसवून दिलं. एकदोन रविवार पाहिलं मी. रोज गोड. रोज गोड! मला मळमळलं. मग मीपण उठले. म्हटलं, खेळू दे यंत्राला यंत्राशी.”

“विचारायचं न मला!”

“मी काय विचारू? ‘बाबा रे, मला शिव्या काऊन देत नाहीस?’”

नोव्हेंबरमधले मूळ वाक्य सुगतने शब्दशः म्हटले, दम्याच्या वॉर्डासकट, खोकण्यासकट. पलीकडून एक असे हसू आले की करुणाला ते तीन हात दूर ऐकू गेले.

“नालायक,” विशाखा म्हणाली, आणि नाक पुसल्याचा आवाज आला. “म्हणजे तू होतास तिथं?”

“होतो न. पूर्ण वेळ.”

“आणि मी एवढ्या रविवारी मासे मोजत बसले! ऐक. माझ्याकडे कार्डबिर्ड काही नाही, सगळं नेलं त्यांनी. पण जुना लॅपटॉप आहे. मी सरळ तुझ्या पेटीत येते. ‘सान्निध्य’ला मधे घ्यायचं नाही. तुझं कार्ड माझी बाजू पण काढेल, जसं आपण लहानपणी एका पडद्यावर खेळायचो. झेपेल का त्याला?”

सुगतने कार्डाकडे पाहिले. “झेपेल,” तो म्हणाला. हेही एक भाकीतच होते.

रविवारी बाहेर पंचेचाळीस अंश होते. कूलर दुसऱ्या खोलीत दार लावून कोंडला होता. करुणाने पेटीचे झाकण काढून शेजारी टेबलफॅन उभा केला आणि कार्डाचा उष्णतामापक आपल्या फोनवर घेतला. गेल्या उन्हाळ्यापासून कार्डाची आपोआप बंद होण्याची सोय बिघडली होती. नव्वदच्या पुढे गेले तर ते जळणार, आणि तसले कार्ड आता कुठल्याही बाजारात मिळत नव्हते. ते जळले की रविवारही गेला, हे तिघांनाही ठाऊक होते.

पडदा मधोमध दुभागला. दोन रेषा, दोन छकडे. ताईच्या छकड्यावर आता धुरकरी होता.

“माझं बटण तुझ्याकडे उशिरा पोचते,” विशाखाने सांगितले. “मला आधी सुटू दे.”

“किती आधी?”

“बैलभर.”

“शेपटीभर देईन.”

“पिंट्या, सात समुद्रांपलीकडून खेळून राहिले मी!”

“तुला कोणी जा म्हटलं होतं?”

अर्ध्या बैलावर सौदा पटला. पहिला पट विशाखाने मारला आणि दुसरा सुगतने. बैल अडखळत होते. धुळीच्या जागी चौकोनी ठिपके उडत होते. आणि जे दिसत होते ते एकूणएक घडत होते. ताई वळणावर आडवी आली, सुगतने तिच्या चाकाला चाक घासले. तिने त्याच्या बैलांची आई काढली आणि त्याने तिच्या माशांचा अंत्यविधी मांडला. करुणा मधूनच न्यायालयाच्या शिपायासारखी पुकारत होती. “ब्याऐंशी! पंच्याऐंशी!”

तिसरा पट निकालाचा. अखेरच्या सरळ रस्त्यावर सुगत दोन बैल पुढे होता. शेवटची रेषा दिसत होती. “एकोणनव्वद,” करुणा म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. “सुगत, वास येऊन राहिला.”

लहानपणापासून सुगतने एकही पट अर्ध्यावर सोडला नव्हता. एकदा तर दाढ सुजलेली असताना, गालाला रुमाल बांधून तो जिंकला होता. प्रणालीला विचारले असते तर तिने शंभरातले सत्त्याण्णव नव्हे, शंभर वेळा सांगितले असते की हा माणूस रेषा ओलांडेल.

त्याने हात लांबवला आणि भिंतीवरचे बटण बंद केले.

पडदा काळा झाला. पंखे गरगरत थांबले. फोनवर विशाखा ओरडत होती. “काय झालं? पळाला! पळपुट्या! मी हरून राहिले होते का जिंकून?”

“हरून राहिली होतीस. दोन बैल.”

“मग बंद काऊन केलंस बे?”

“कार्ड जळालं असतं. पुढच्या रविवारी कशावर खेळलो असतो?”

विशाखा म्हणाली, “धुरकरी छकड्यावरून उतरला की पट गेला. आजोळचा नियम आहे. म्हणजे मी जिंकले.”

करुणाने नवऱ्याकडे पाहिले. या घरात एखादी हार बिनविरोध मान्य झाल्याचे तिने पाहिले नव्हते.

“बरं,” सुगत म्हणाला. “गेला.”

करुणाने पेटीवर वाकून कार्डाच्या जरा वर तळहात धरला, मग हळूच त्याला बोट लावले. “गरम आहे. पण जळालं नाही,” ती म्हणाली.

“ऐक रे,” विशाखा आता अधिकच जोरात बोलत होती. “पिंट्या, ती पेटी कुठं ठेवली आहे तू?”

“टेबलावर.”

“टेबलावर! अरे गधड्या, गरम हवा वर जाते! खाली ठेव फरशीवर, ओल्या हातानं नको, आणि रविवारी मला बैलभर सूट पाहिजे. हवामानखात्यात तुला कोणी घेतलं रे?”

सुगत उठला आणि पेटी उचलून फरशीवर ठेवू लागला.